आत्यांची भाकरी परत ताटात येऊ द्या

पत्र :

"स. न. वि. वि. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. घरात सासूबाई (वय ७१, आम्ही त्यांना आत्या म्हणतो), हे, मी आणि अकरावीतली मुलगी. दिवाळीनंतर सांगलीत एका हॉलमध्ये आरोग्यावर व्याख्यान झालं, ते ह्यांनी ऐकलं आणि तेव्हापासून आमच्या घरातला गॅस बंद आणि पोटातला सुरू झालाय. तिथं सांगितलं म्हणे, की शिजवलेलं अन्न मेलेलं असतं. ४८ अंशांच्या वर तापवलं की त्यातली एन्झाइम मरतात. माणूस जन्माला येताना एन्झाइमचा ठरावीक साठा घेऊन येतो, शिजवलेलं खाऊन खाऊन तो संपवतो, आणि मग शुगर, संधिवात, म्हातारपण. आता सकाळी पालक-दुधी-कोथिंबिरीचा कच्चा रस, दुपारी कच्ची मोडाची मटकी नि कोशिंबिरी, रात्री फळं. शिवाय एन्झाइमच्या पावडरीचा डबा, १,८५० रुपयांचा, महिन्याला दोन लागतात. ह्यांचं वजन उतरलंय, हलकं वाटतंय म्हणतात. शुगरची गोळी स्वतःच्या मनानं अर्धी केलीय. पण आत्यांचं पोट डब्ब होतं, रात्रभर गुरगुरतं. त्यांना कवळी आहे, कच्चं चावत नाही. अंगावरची चोळी सैल झालीय. लेकाला वाईट वाटेल म्हणून गप्प खातात. परवा मला हळूच म्हणाल्या, 'बाई, चतकोर भाकरी दे गं.' ह्यांचं खरं आहे का? आणि नसेल तर सांगायचं कसं?" – एक सून

उत्तर :

ताई,

आत्यांना आज रात्रीच भाकरी द्या. चतकोर कशाला, खातील तेवढी द्या. ताज्या ताकात कुस्करून द्या, जोडीला मऊ शिजलेली वांग्याची भाजी द्या. माझं पुढचं सगळं वाचून होईपर्यंत त्यांनी उपाशी बसायचं काही कारण नाही.

त्या व्याख्यानात एक वाक्य खरं होतं, म्हणून बाकीची खपली. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं, ही प्रथिनं असतात आणि उष्णतेनं त्यातली बहुतेक निकामी होतात, हे अगदी बरोबर आहे. ४८ हा आकडा मात्र कुठल्या पंचांगातून काढला कोण जाणे. प्रत्येक विकराची सहनशक्ती निराळी असते. कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन साठ अंशांच्या आसपास तर उलट जोमात असतं. मटणाला कच्च्या पपईचा तुकडा लावून ठेवतात तो उगीच नाही.

पण मरणाऱ्या या विकरांना जिवंत ठेवलं असतं, तर ती आपल्या काय कामाची होती? हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणी विचारलेला दिसत नाही. फळातली, दाण्यातली, पानातली विकरं त्या झाडाच्या चाकरीत असतात. फळ पिकवायचं, दाण्यातला पिठाचा साठा कोंबासाठी मोडून द्यायचा, साल फाटली तर तिथं काळा थर धरायचा, ही त्यांची कामं. तुमचं-माझं जेवण पचवायचं काम त्यांना कुणी दिलेलंच नाही.

हे पटवायला तुमच्या मालकांना दुसऱ्या व्याख्यानाला न्यायला नको, स्वतःच्या शेडमध्ये नेलं तरी पुरे. मणी रॅकवर वाळताना काळा का पडतो? पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर द्राक्षात असतं. सालीखाली इजा झाली किंवा वाळायला फार वेळ लागला, की ते मण्यातल्या फिनॉल द्रव्यांना हवेतल्या ऑक्सिजनशी जुळवून देतं आणि मणी तपकिरी होतो. आपण डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवतो ते सालीवरचा मेणचट थर मोडून पाणी लवकर उडावं म्हणून. माल झटपट वाळला की त्या विकराला हातपाय पसरायला सवड मिळत नाही. वर गंधकाची धुरी दिली की ते जागच्या जागी गार. म्हणजे ज्यांना ताटात देव्हाऱ्यात बसवायचं, त्यांचाच शेडमध्ये बंदोबस्त करायला आपण पैसे मोजतो! चिरलेलं वांगं तुम्ही मिठाच्या पाण्यात टाकता, तेही याच विकराच्या भीतीनं.

उसाचं तेच. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो, कारण उसातलंच इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे तुकडे पाडत बसतं, आणि जिवाणू त्याच्या मदतीला येतात. हळदीचंही तेच. काढलेली ओली हळद आधी शिजवतात, मग वाळवतात. शिजवल्यानं तिचा कोंब मरतो, आतली विकरं थंडावतात, रंग एकसारखा बसतो. याच 'मेलेल्या' हळदीला २०१८ साली सांगलीची हळद म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचा औषधी गुण गेला असं त्या व्याख्यात्यालाही म्हणवणार नाही.

आता पोटात काय होतं ते पाहू.

जठरातला रस चांगलाच आंबट असतो. उपाशीपोटी त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जेवढा लहान तेवढं आंबट) साधारण दीड ते साडेतीन. तिथं पोचलेलं पालकातलं किंवा मटकीतलं विकर म्हणजे जठराच्या लेखी आणखी एक प्रथिन, डाळीतल्यासारखंच. आम्लानं त्याची घडी मोडते, पेप्सीन त्याचे तुकडे करतं, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेलं ट्रिप्सिन आणखी बारीक करतं आणि शेवटी उरतात अमिनो आम्लं. एवढी जिवापाड कच्ची ठेवलेली विकरं शेवटी पचूनच जातात. थोडा न्याय त्या बाजूलाही करायला हवा. जेवण जठराच्या वरच्या भागात येऊन पडलं की आम्ल आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो. तेवढ्यात लाळेतलं अमायलेज भाकरी-भाताचं पीठ फोडत राहतं, आणि कच्च्या अन्नातलं एखादं विकरही थोडंफार हात लावत असेल. एन्झाइमवाल्यांचा सगळा डोलारा या मधल्या वेळावर उभा आहे. पचनाचा मुख्य कारखाना मात्र लहान आतड्यात आहे, आणि तिथं आपली विकरं पुरून उरतात.

जन्मजात साठ्याची गोष्ट अमेरिकेतले डॉ. एडवर्ड हॉवेल यांनी गेल्या शतकात पसरवली. ऐकायला सोपी आहे, म्हणून टिकली. शरीरात मात्र टाकी नाही, झऱ्याची विहीर आहे. रोज सुमारे एक ते दीड लिटर लाळ सुटते, जवळपास तेवढाच स्वादुपिंडाचा रस. त्यातली विकरं पेशी रोज नव्यानं घडवतात, जेवणातल्या प्रथिनांपासून. काम झालेली विकरं आतड्यातच पचतात आणि त्यांची अमिनो आम्लं पुन्हा रक्तात घेतली जातात. वाया फारसं काही जात नाही. शिवाय निसर्गानं यात हात राखलेला नाही. चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली उतरतं, तेव्हा कुठं शौचातून तूपतेल बाहेर पडायला लागतं. सत्तरीच्या धडधाकट माणसाची विकरं जन्मभर भाकरी-आमटी खाल्ली म्हणून संपत नाहीत.

मालकांना प्रयोग आवडत असतील तर भाकरीचा एक घास दोनेक मिनिटं नुसता चावत बसायला सांगा. गोडसर लागायला लागेल. तो गोडवा भाकरीतल्या विकराचा नाही, ती तर तव्यावर भाजून निघालीय. तो त्यांच्या स्वतःच्या लाळेचा आहे.

आणि शिजवण्यानं काय बिघडतं याच्या याद्या करणारे, त्यानं काय सुधारतं ते मात्र सांगत नाहीत. कच्च्या पिठाचे कण घट्ट मिटलेले असतात. पाण्यात उकळले की फुगतात, उलगडतात, आणि मगच आपलं अमायलेज आत शिरू शकतं. कच्च्या कडधान्यांत तर याहून मोठी गंमत आहे. त्यांत ट्रिप्सिनला अडवून धरणारी द्रव्यं असतात, म्हणजे विकराच्याच वाटेत दगड. तुमच्या पट्ट्यात पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये ती सगळ्यांत जास्त. राजमा-पावट्यात लेक्टिनं असतात, अर्धकच्चा राजमा खाऊन उलट्या होतात त्या त्यांच्यामुळंच. नीट शिजवलं की या द्रव्यांचा जोर मोडतो. मोड आल्यावर मटकी-मुगातली ही द्रव्यं घटतात खरी, पण उरलेलं काम चुलीनंच करायचं असतं. एन्झाइम वाचवायला म्हणून कच्ची मटकी खायची आणि स्वतःच्याच एन्झाइमला आडकाठी करायची, असला हा व्यवहार.

आत्यांच्या पोटाचा उलगडाही इथंच आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच, कुणाच्याच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. भिजवून पाणी टाकलं, मोड आणले, शिजवलं, की त्या बऱ्याच कमी होतात. कवळीनं न चावलेली कच्ची मटकी वाटीभर गेली, वर कच्चा कोबी-मुळा आणि रात्री नुसती फळं, तर विशीतल्या पैलवानाचंही पोट गुरगुरेल.

मग अन्नातल्या विकरांचा उपयोगच नाही का? आहे की, आणि भरपूर आहे. फक्त तो ताटात पडण्याआधी असतो. तुमच्या आत्यांना, त्यांच्या सासूला हे कुणी न सांगता ठाऊक होतं.

मोड आणणं म्हणजे दुसरं काय आहे? दाणा भिजला की आतली विकरं उठतात. पोटात वायू करणाऱ्या त्या साखरा ती फोडतात, लोह आणि जस्ताला धरून बसलेलं फायटिक आम्ल सोडवतात. विकर म्हणून पहिला पदार्थ वेगळा काढला गेला तोही मोडांतूनच. १८३३ साली पायां आणि पर्सो या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून पिठाची साखर करणारं डायस्टेज मिळवलं. आपल्याकडं नाचणीचं सत्व करताना हेच घडतं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून चाळायची. तेवढ्याच पाण्यात साधं नाचणीचं पीठ घातलं तर चमचा उभा राहील असा गोळा होतो. सत्व घातलं तर पेज पातळ राहते, कारण मोडांतलं अमायलेज, अगदी भांडं तापत असतानासुद्धा, पीठ तोडत असतं. त्यामुळं पातळ पेजेतही पीठ जास्त मावतं आणि पोटात बळ जातं. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला सत्वाची पेज देतात ती म्हणून. पुढे उकळी आली की ते अमायलेज मरतं, आणि मरू दे, त्याचं काम झालेलं असतं.

ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी शिजवलेली आंबील, तिचंही हेच. दह्याचं विरजणही त्यातलंच.

लोणच्याची मोहरी तुम्ही फेसता ना? मोहरीची कोरडी पूड हुंगून बघा, काही नाही. पाणी घालून फेसली की दोन-चार मिनिटांत नाकात चढते, डोळ्यांत पाणी. मायरोसिनेज हे विकर पाण्यात सुटतं आणि मोहरीतल्या बेचव द्रव्याचं झणझणीत तेल करतं. कढत पाण्यात फेसली तर ती चढतच नाही, आणि फोडणीत तडतडलेली मोहरी तिखट लागत नाही, कारण विकराचा जीव आधीच गेलेला. लसणाचंही असंच. सोललेल्या पाकळीला वास बेताचाच असतो. ठेचली की अ‍ॅलिनेज जागं होतं आणि तो उग्र अ‍ॅलिसिन तयार होतो. म्हणून लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्यावी आणि मग तेलात घालावी. हा माझा आवडता सल्ला आहे, फुकटचा आणि काहीही न विकणारा.

पोटात जाऊनही विकर कामाला येतं, अशी चांगली सिद्ध झालेली एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या घरात रोज होते. दुधातली लॅक्टोज साखर पचवायला लॅक्टेज लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, वय वाढतं तसं आपल्यातल्या बऱ्याच जणांत घटतं. मग कपभर दूध प्यायलं की पोट फुगतं, कळ येते, जुलाब होतात. दही लावलं की विरजणातले जिवाणू थोडी लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. उरलेली पचवायला लागणारं विकर त्यांच्या पेशींच्या आत सुरक्षित बसून जठर पार करतं आणि लहान आतड्यात उपयोगी पडतं. ज्यांना दूध बाधतं त्यातल्या अनेकांना ताक चालतं, त्याचं कारण हे. आत्या ती पावडर दुधातून घेत असतील तर दूध दोन आठवडे बंद करून बघा, ताक चालू ठेवा. निम्मा त्रास तिथंच असू शकतो.

कच्च्या धारोष्ण दुधावरही तुमचे मालक आले असतील किंवा येतील. दुधाला स्वतःचं फॉस्फेटेज विकर असतं आणि पाश्चरायझेशनमध्ये ते नष्ट होतं. डेअरीच्या प्रयोगशाळेत ते शिल्लक आहे का हे तपासतात. शिल्लक सापडलं तर दूध नीट तापलेलं नाही असा निकाल! जनावराकडून येणारे क्षयाचे आणि ब्रुसेला तापाचे जंतू उकळीत मरतात. फॉस्फेटेजसाठी त्यांना घरात घ्यायचं नसतं.

त्या डब्याबद्दल. विकरांची ताकद मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, कामाच्या युनिटमध्ये मोजतात. चमच्यात अमुक मिलिग्रॅम पपेन आहे एवढंच छापलं असेल तर ते जिवंत आहे की पेंढा, हे कळायला मार्ग नाही. डब्यावर ते पाहा. औषधाच्या दुकानात मिळणारी पाचक सिरपं वेगळी. बुरशीपासून काढलेलं डायस्टेज हे जुनं औषध आहे, जपानचे जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. लग्नाच्या पंगतीनंतर दोन चमचे घेतल्यानं कुणाचं बिघडत नाही. मात्र काही लोक पेप्सीनचं सिरप आणि आम्ल मारणारं औषध एकापाठोपाठ घेतात, त्यांना हात जोडावेसे वाटतात. पेप्सीन आंबट रसाशिवाय चालतच नाही.

विकरांच्या गोळ्या खरोखर लागतात त्या स्वादुपिंड जुनाट सुजेनं निकामी झालेल्यांना, शस्त्रक्रियेत ते काढलेल्यांना, किंवा सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या मुलांना. त्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात आणि आतल्या दाण्यांवर आम्लाला न विरघळणारं कवच असतं, कारण कवचाशिवाय लायपेज जठरातच खलास होतं. तुमच्या डब्यातल्या सुट्या पावडरीला कवच नाही. महिन्याचे ३,७०० रुपये कशात जातात त्याचा हिशोब मी एवढ्यावरच थांबवतो.

पैशाचं जाऊ दे, दोन गोष्टी आजपासून बंद करा, त्यात धोका आहे.

एक, कच्च्या दुधीचा रस. दुधी कधी कधी कडू निघतो. त्यातली क्युकरबिटासिन द्रव्यं विषारी असतात. असा रस प्यायल्यानंतर रक्ताच्या उलट्या होऊन देशात माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं याचा अभ्यास करून सांगितलं, की फोडीची चव आधी घ्या, कडू असेल तर टाका, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका. कोथिंबीर-पालकात मिसळला की कडूपणा लपतो, नेमकं तेच तुमच्याकडं चाललंय. कच्च्या पालकात मुतखड्याला कारण होणारं ऑक्झलेटही भरपूर. घरात कुणाला मुतखडा झालेला असेल तर रोज पेलाभर पालकाचा रस हा त्याला दिलेला आवताण समजा. पालक उकडून पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंच जातं.

दुसरं, कच्चे मोड. ऊब आणि ओल कोंबाला मानवते तशी जंतूंनाही. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, हजारो आजारी पडले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तेही इतक्या टापटिपीच्या देशात. म्हाताऱ्या माणसाला असली लागण जास्त बाधते. मोड आणा, जरूर आणा, पण वाफवून उसळ करा. मुलीच्या डब्यातही तीच द्या, वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं.

कच्चं सगळं वाईट असं माझं म्हणणं नाही. क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, तेव्हा पेरू, लिंबू, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर जेवणात असावीच. गाजर नि टोमॅटोतली रंगद्रव्यं मात्र थोड्या तेलात शिजवल्यावर जास्त लागू पडतात.

आता मालकांशी बोलायचं कसं. 'तुम्ही फसलात' हे वाक्य घरात उच्चारू नका. वजन उतरलंय, हलकं वाटतंय, हे त्यांचं खोटं नाही. रात्रीचं उशिराचं जेवण, चहाबरोबरचं फरसाण, भडंग, हे सगळं बंद झालं, भाजी-फळं वाढली, म्हणून उतरलं. श्रेय त्यांच्या निग्रहाला द्या, डब्याला नको. शेडमधली बेदाण्याची गोष्ट काढा आणि पुढचं त्यांनाच बोलू द्या. जे चांगलं झालंय ते त्यांनी ठेवावं: लवकर जेवण, ताटात निम्मी भाजी, फरसाण बंद. फक्त ती भाजी शिजलेली आणि जोडीला एक-दीड भाकरी. आत्यांवर आणि मुलीवर प्रयोग नको, एवढं मात्र ठाम सांगा. आत्यांनी स्वतः लेकाला 'मला हे सोसत नाही' म्हटलं, तर तुमच्या दहा वाक्यांचं काम होईल. सून सांगते तेव्हा वाद होतो, आई सांगते तेव्हा बहुतेक लेक ऐकतात.

गोळीचं मात्र लाडीगोडीनं नको, आजच. शुगरची गोळी मनानं अर्धी करू नये आणि मनानं पूर्वीइतकीही करू नये. वजन खरंच उतरलं असेल तर कदाचित डॉक्टरच ती कमी करतील. खाणं एवढं घटलेलं असताना काही गोळ्यांनी साखर एकदम खालीही जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच साखर खायची आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

आणि आत्या. चोळी सैल झाली हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मला तेच सगळ्यांत जास्त खुपलं. दोन महिने पोटभर अन्न न मिळाल्यानं वजन उतरलं असेल, तसंच असण्याची शक्यता जास्त. पण सत्तरीच्या पुढं वजन घटणं आणि पोटाची नवी तक्रार एकत्र आली की डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहायचं नाही. आज वजन करून लिहून ठेवा. नेहमीचं जेवण सुरू करा: सकाळी आंबील किंवा सत्वाची पेज, दुपारी ताकभाकरी, मऊ भाजी, मुगाची पातळ आमटी, रात्री मऊ भात. दोन आठवड्यांत पोट शांत झालं, वजन स्थिरावलं, तरी एकदा साधी रक्ततपासणी करून घ्या. घास गिळताना अडकत असेल, शौचाला काळं होत असेल, उलट्या होत असतील, रक्त कमी निघालं, किंवा शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं होत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. मिरज तुमच्यापासून लांब नाही, पोटविकाराचे डॉक्टर तिथं आहेत. तेलकट शौचाची तक्रार असेल तर ते शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक विकर, तपासायला सांगतील. आत्यांची विकरं कमी पडतायत का, हे त्या तपासणीतून कळतं, व्याख्यानातून नाही.

कवळी सैल झाली असेल तर दातांच्या डॉक्टरांकडूनही बसवून घ्या. जाताना पावडरीचा डबा, मालकांच्या गोळ्यांचं पाकीट आणि आत्यांची जुनी कागदपत्रं पिशवीत टाका. मालकांची एचबीए१सी तपासणी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी, त्याच खेपेत होईल, तिला उपाशीपोटी राहावं लागत नाही.